सायकलची ओळखपरेड

२२ ऑगस्ट २०२२. श्रावणातला शेवटचा सोमवार. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थच्या राममंदिरातून पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्याचं त्या दिवशी उघड झालं. समर्थ रामदासांचं जन्मगाव, त्यांच्या घराण्याच्या पूजेतले देव. बातमी जिल्ह्यात राहिली नाही. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन चालू होतं, तिथं प्रश्न उपस्थित झाला, गावकरी आंदोलनाला बसले, पोलिसांची पथकं बाहेरगावी गेली. ऑक्टोबर सरता सरता आरोपी पकडले गेले आणि देव सापडले.

या चोरीत चोरांची एक मोठी अडचण होती. माल ओळखीचा होता. वर्षानुवर्षं रामनवमीला त्या मूर्तींसमोर उभं राहिलेल्या माणसांना त्यांची उंची, झळाळी, नाकडोळे पाठ होते. फोटो घरोघरी होते, मोबाइलमध्ये होते. असा माल विकायचा म्हणजे विकत घेणाऱ्यालाही जोखीम असते. आणि सापडल्यावर ‘हे आमचेच’ असं सांगायला गावात साक्षीदारांची वाण नव्हती.

आता याच गावातला किंवा शेजारच्या कुंभार पिंपळगावातला एखादा मुलगा पदव्युत्तर शिक्षणाला छत्रपती संभाजीनगरला जातो, विद्यापीठाच्या वसतिगृहात राहतो. विद्यापीठाचं आवार सातशे एकरांच्या घरात; वसतिगृहापासून विभाग, विभागापासून ग्रंथालय, ग्रंथालयापासून मेस असं चालत बसलं तर दिवस रस्त्यातच जातो. म्हणून तो सायकल घेतो. एके दिवशी ती जागेवर नसते. तक्रार लिहून घेणारा हवालदार विचारतो, ‘‘कशी होती?’’ उत्तर येतं, ‘‘काळी. लाल पट्टे. कॅरियर होतं.’’ ‘‘नंबर?’’ ‘‘सायकलला कुठं नंबर असतो साहेब?’’

असतो. त्या एका नंबराभोवतीच हा लेख फिरणार आहे. सायकलचोरी रोखायची म्हटली की आपली अक्कल कुलपापाशी जाते आणि तिथंच अडकते. कुलूप हवंच, पण कुलूप चोराचा फार तर थोडा वेळ खातं. चोरलेली सायकल विकायला अवघड आणि सापडलेली सायकल परत मिळायला सोपी होते ती ओळखीनं. आपल्याकडे नेमकी तीच बाजू लंगडी आहे.

आवारातली प्रत्येक गायब सायकल चोरानंच नेलेली असते असंही नाही. वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही हे माहीत आहे. सकाळच्या तासाला उशीर झालेला असतो, पोर्चमध्ये बिनकुलपाची सायकल उभी असते, ‘नेतो नि आणून ठेवतो’ म्हणून कुणीतरी टांग मारतो. ती विभागासमोर राहते. तिथून दुसरा ती ग्रंथालयापर्यंत नेतो. चार दिवसांनी मूळ मालक ती शोधून काढतो तेव्हा तिची सीट खाली केलेली असते आणि मागच्या चाकात हवा नसते. याला वसतिगृहात चोरी म्हणत नाहीत. ‘घेतली होती’ म्हणतात.

कायदा मात्र एवढा मोकळाढाकळा नाही. मे १९५२मध्ये जोधपूरच्या हवाई दलाच्या प्रशिक्षण अकादमीतल्या दोघांनी परवानगी नसताना एक हार्वर्ड विमान उडवलं आणि ते पाकिस्तानात जाऊन उतरवलं. खटला चालला तो चक्क चोरीचा. विमान कायमचं ठेवून घेण्याचा हेतू कुठं होता, असा बचाव. के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य या १९५७च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चोरी ठरायला वस्तू कायमची हडप करायचा बेत असावाच लागतो असं नाही. संमतीविना, अप्रामाणिक हेतूनं, थोड्या वेळापुरतं जरी मालकाला वस्तूपासून वंचित केलं तरी पुरे. पुढं सरकारी कचेरीतली फाइल एखाद-दुसऱ्या दिवसासाठी बाहेर नेऊन परत ठेवणाऱ्या प्यारेलाल भार्गव यांनाही न्यायालयानं हाच न्याय लावला. विमानाला लागू पडणारं तत्त्व सायकलला लागू पडायला हरकत नसावी. अर्थात कायद्यानं मैत्रीला थोडी जागा ठेवली आहे. मित्राच्या ग्रंथालयातून त्याच्या माघारी वाचायला पुस्तक नेणाऱ्याचं उदाहरण १८६०च्या दंडसंहितेपासून कायद्यात आहे: त्याची संमती गृहीत धरता येईल असं नेणाऱ्याला मनापासून वाटत असेल, तर ती चोरी नव्हे. तेव्हा रूमपार्टनरची सायकल नेणं वेगळं आणि पोर्चमधली कुणाचीही नेणं वेगळं. हा फरक वसतिगृहात प्रवेश देतानाच कुणी समजावून सांगितला तर निम्मी भांडणं मिटतील.

ही उचलाउचल निरुपद्रवीही नाही. खऱ्या चोराला लपायला ती आयता आडोसा देते. सायकल जागेवर नाही म्हणून कुणी दचकत नाही; ‘येईल कुणीतरी घेऊन’ म्हणून पोरगं आठवडा घालवतं. तोवर सायकल शहराबाहेर गेलेली असते, किंवा तिची सायकल राहिलेलीच नसते.

कारण सायकल सुटी होते. सीट, चाकं, पॅडल, गिअर, हँडल सगळं निघतं. चाकाला पटकन निघणारी खिट्टी असेल तर पाना-पकडसुद्धा लागत नाही. राहिला सांगाडा, तो भंगारात. साधी स्टीलची सायकल अठरा-वीस किलोची असते, तेव्हा लोखंडाच्या भावानं काही शेकडे सुटतात. जालना जिल्ह्याच्या माणसाला पुढचं सांगायला नको: जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवूनच सळई तयार होते. भट्टीत गेलेल्या लोखंडाला मालक नसतो.

व्हित्तोरिओ दे सिकाच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ या १९४८च्या चित्रपटात याचं अचूक चित्रण आहे. १९५२च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला त्यात तो दाखवला गेला आणि आपल्याकडच्या अनेक दिग्दर्शकांची झोप उडाली. सगळ्यांना आठवतो तो बाप-लेकाचा शेवट. मला त्यातला बाजार जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याची सायकल चोरीला गेली तो अंतोनिओ दुसऱ्या दिवशी मुलाला आणि मित्रांना घेऊन रोमच्या जुन्या बाजारात जातो. ते अख्खी सायकल शोधत नाहीत; कुणी चाकं बघतो, कुणी सांगाडे, आणि त्याच्या लहानग्या मुलाकडे, ब्रूनोकडे, घंटा नि पंप. एक जण सांगाडा रंगवत बसलेला दिसतो. संशय येतो, बाचाबाची होते, पोलिसाला बोलावतात, नंबर वाचून बघतात. जुळत नाही. युद्धानंतरच्या रोममधल्या बेकार मजुराला आपल्या सायकलचा नंबर ठाऊक होता. आपल्याकडे एमएस्सी होणाऱ्याला नसतो.

तर तो नंबर बघू या. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. पॅडलचे दोन्ही दांडे ज्या आडव्या नळीत बसतात, जिला मिस्त्री बीबी म्हणतात, तिच्या बुडाशी चिखलाचा आणि ग्रीसचा थर असेल. रॉकेलचा बोळा फिरवा. खाली लोखंडात ठोकलेले आकडे आणि अक्षरं दिसतील. काही वेळा एखादं अक्षर रंगानं बुजलेलं असतं, तेव्हा त्यावर खडू घासून पुसला की खाचेत पांढरं राहतं आणि वाचता येतं. काही जुन्या काळ्या सायकलींवर हा नंबर सीटखालच्या उभ्या नळीवर सापडतो. फोटो काढा. मग सायकल सरळ उभी करून तिच्याशेजारी स्वतः उभे राहा आणि आणखी एक फोटो काढा. खरेदीच्या पावतीचा तिसरा. तिन्ही फोटो स्वतःलाच ई-मेल करून ठेवा. बस, एवढंच. स्टीलचा नंबर घासून काढता येतो हे खरं, पण घासलेल्या जागेची सायकल संशयाची होते आणि जाणता मिस्त्री ती घ्यायला बिचकतो.

पावतीचं महत्त्व १ जुलै २०२४पासून वाढलं आहे. हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण विद्यार्थ्यांना तो बहुधा कुणी सांगत नाही.

त्या दिवशी भारतीय दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. चोरीचं जुनं ३७९ कलम आता ३०३ झालं. पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्याला शिक्षा पूर्वीसारखीच, तीन वर्षांपर्यंत कैद. पण एक परंतुक नव्यानं जोडलं आहे: चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. कल्पना चांगली आहे. भुकेपोटी केलेल्या किरकोळ चोरीसाठी पोराला तुरुंगात डांबून कुणाचं भलं होत नाही. मात्र त्याबरोबर फौजदारी प्रक्रियेच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र करून टाकली आहे. म्हणजे ठाण्यात नुसती एनसी, अदखलपात्र नोंद, होते. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करू शकत नाहीत. मालकानं आदेश आणावा मग तपास व्हावा, हे एखाद्या वर्गमित्रावर संशय असलेल्या पोरालाही परवडणारं नाही. चोर कोण याचा पत्ताच नसेल तर प्रश्नच मिटला.

आता पाच हजार हा आकडा महाराष्ट्रात आणखी कुठं येतो बघा. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या मागास तालुक्यांतल्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. जालना जिल्हाही या कार्यक्रमात आहे. आधी हे अनुदान साडेतीन हजार होतं. २०२२मध्ये ते पाच हजार केलं. बापाचा विरोध, एसटीची वेळ, रस्त्यातली मुलं या सगळ्याला ओलांडून गावाकडच्या मुली शाळेत पोचल्या त्यात या सायकलींचा हात किती, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्यातलीच एखादी मुलगी बारावीनंतर तीच सायकल घेऊन तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या कॉलेजात जाते. पाच हजारांत घेतलेली सायकल वर्षभर वापरली की तिची किंमत पाच हजारांच्या खाली येणारच. म्हणजे सरकारनं एका हातानं दिलेली सायकल गेली, तर दुसऱ्या हातानं लिहिलेल्या कायद्यानुसार पोलिसांना ती आपणहून शोधता येत नाही. हे कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. दोन खात्यांनी वेगवेगळ्या टेबलांवर बसून निवडलेला गोल आकडा आहे. पण त्याचा भुर्दंड पडतो तो सायकलीच चालवणाऱ्यांना. मोटारवाल्याच्या चोरीला या रेषेचा स्पर्शही होत नाही.

यावर तक्रारदारापुरती वाट एकच: पावती हाताशी ठेवणं आणि तक्रारीत किंमत मोघम न सांगता पावतीसह लिहिणं, कुलूप, दिवा, कॅरियर यांचीही किंमत धरून. गिअरची सायकल बहुधा रेषेच्या वरच राहते. आणखी एक गोष्ट, तक्रार ‘हरवली’ अशी लिहू देऊ नये. सायकल हरवत नाही. पेन हरवतं, छत्री हरवते.

सायकल सापडली तरी घरी यायला वेळ लागतो, कारण ती मुद्देमाल होते. ठाण्याच्या मागच्या भिंतीला टेकून गंजत पडलेल्या सायकली आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. टायर विरलेले, सीटमधून गवत वर आलेलं. त्यांतल्या कित्येकांचे मालक सापडले नाहीत एवढंच कारण असतं. बाकीच्यांसाठी सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात स्पष्ट बजावलं आहे की असा माल ठाण्यात सडवत ठेवू नये. फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन मालकाच्या ताब्यात द्यावा. पण त्यासाठी मालक मालक असल्याचं दाखवता यायला हवं. फिरून आपण त्याच नंबरापाशी येतो.

कुलपाचं थोडक्यात. मागच्या चाकाला घट्ट बसवलेलं गोल कुलूप चाक फिरू देत नाही, सायकल उचलून नेण्याला मात्र काहीच करत नाही. बारीक तारेचं प्लास्टिक चढवलेलं कुलूप साध्या कटरपुढे टिकत नाही. जाड साखळी किंवा यू आकाराचं कुलूप बरं, पण ते जमिनीत रोवलेल्या खांबाला किंवा रेलिंगला अडकवलं तरच. अमेरिकेतले सायकलदुरुस्तीचे नामांकित जाणकार शेल्डन ब्राऊन यांनी एक युक्ती सांगितली होती: यू कुलूप सांगाड्याच्या मागच्या त्रिकोणाच्या आतून, मागच्या चाकाच्या रिमला घेऊन खांबाला लावा, नळीभोवती नाही घेतलं तरी चाक त्रिकोणातून बाहेर निघत नाही, म्हणून सांगाडाही अडकतो. नुसतं पुढचं चाक बांधणाऱ्याला मात्र एखाद्या संध्याकाळी फक्त पुढचं चाकच मिळतं. आपल्याकडच्या शैक्षणिक संस्थांतले स्टँड नेमके असेच असतात, पुढचं चाक खोचायच्या खाचांचे. सांगाडा बांधायला तिथं जागाच नाही. वाकवलेले साधे लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये पुरले तर हे काम होतं, आणि खर्च एखाद्या उद्‌घाटनाच्या मांडवाहून कमी.

चोराला अडवण्यापेक्षा बिचकवणं स्वस्त पडतं याचा एक गमतीदार पुरावा इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठानं दिला. तिथल्या डॅनिएल नेटल, मेलिसा बेटसन आणि सहकाऱ्यांनी आवारातल्या तीन सायकल स्टँडवर रोखून बघणाऱ्या डोळ्यांचं मोठं चित्र आणि ‘सायकलचोरांनो, आमची तुमच्यावर नजर आहे’ अशा आशयाची पाटी लावली. वर्षभरात त्या जागांवरच्या चोऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या. २०१२मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा मथळे झाले ते याच आकड्याचे. पण त्याच निबंधात दुसरा आकडाही होता: पाटी न लावलेल्या जागांवरच्या चोऱ्या ६५ टक्क्यांनी वाढल्या. चोर सुधारला नव्हता, दोन इमारती पलीकडे गेला होता. सीसीटीव्हीचंही कधी कधी हेच होऊ शकतं. एका विभागानं कॅमेरे लावले की शेजारच्या विभागाच्या सायकली जायला लागतात.

मग सायकल कुणाच्याच मालकीची ठेवू नये, सगळ्यांची ठेवावी, असाही विचार झाला. डिसेंबर २०१७मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आणि औंधला मोबाइलवरून उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. पुढं इतर कंपन्याही उतरल्या. गणेशखिंडीच्या झाडीतून रंगीत सायकलींवर फिरणारी पोरं पाहून जुन्या पुणेकरांना आपलं सायकलींचं शहर परत येतंय असं वाटलं असणार. पण लवकरच बातम्या वेगळ्या येऊ लागल्या: कुलपं फोडली, सीट गेल्या, सायकली सोसायट्यांच्या जिन्यात कोंडल्या. दोनेक वर्षांत त्या रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. आपणच असे, असं म्हणून कपाळावर हात मारायची गरज नाही. पॅरिसच्या वेलिब योजनेतल्या सुरुवातीच्या वीस हजारांवर सायकलींपैकी ऐंशी टक्के दोन वर्षांत चोरीला गेल्या किंवा मोडतोड झाल्या, असं २००९मध्ये सांगितलं जात होतं. सगळ्यांची सायकल म्हणजे जिची ओळख कुणालाच नाही अशी सायकल.

याच्या उलट टोकाला २०१८चा प्रकाश कुंटे यांचा ‘सायकल’ हा मराठी चित्रपट आहे. कोकणातल्या एका ज्योतिषाची लाडकी सायकल दोन चोर पळवतात. पण जिथं जातील तिथं लोक सायकल ओळखतात आणि हे तिच्या मालकाचेच कुणीतरी म्हणून चोरांचा पाहुणचार करतात. चोरांना ती विकणंच जड जातं. कथा गोड आहे आणि जुन्या काळातली आहे. पण गुन्हेशास्त्राच्या दृष्टीनं ती फार पक्की आहे असं मला वाटतं.

सातशे एकरांत असा गाव वसवता येत नाही. वही ठेवता येते. एकेकाळी आपल्या नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा किंवा पितळेचा नंबरी बिल्ला देत. तो कर वैतागाचाच होता, बिल्ला नसला की पोलिस पकडत, आणि तो गेला ते बरंच झालं. पण त्याच्याबरोबर सायकलीमागे मालकाचं नाव लिहिलेली नोंदवहीही गेली. जपाननं उलट केलं: १९९४पासून तिथं सायकलची चोरीविरोधी नोंदणी सक्तीची आहे. नवी सायकल घेताना दुकानातच किरकोळ रक्कम भरून स्टिकर लागतं, आणि पोलिस रस्त्यात कुणालाही थांबवून नाव जुळवून बघतात. एवढी सक्ती आपल्याकडे मानवेल असं वाटत नाही. विद्यापीठाच्या आवारापुरतं मात्र हे सहज जमण्यासारखं आहे, कारण आवाराला फाटक आहे, फाटकावर रखवालदार आहे, आणि प्रत्येकाकडे ओळखपत्र आहेच.

पद्धतही बाहेरून आणायला नको. रेल्वे स्टेशनबाहेरचे, सिनेमा थिएटरचे सायकल स्टँड आठवा. एक टोकन हँडलला, त्याच नंबराचं दुसरं तुमच्या हातात. टोकन दाखवल्याशिवाय स्टँडवाला सायकल हलवू देत नसे. ओळखीचा असला तरी. पैसे घेणारा म्हणून जबाबदारीही त्याची. आता सगळीकडे ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत’ अशी पाटी लावून हात झटकले जातात. २०१९मध्ये ताजमहाल हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की वाहन ताब्यात घेतल्यावर नुसत्या अशा ओळीआड लपून निष्काळजीपणातून सुटता येत नाही. तो निकाल हॉटेलच्या नोकरानं चावी घेऊन लावलेल्या मोटारीचा होता, मोकळ्या स्टँडवरच्या सायकलीला तो जसाच्या तसा लागू होणार नाही. तरी वसतिगृहाचं शुल्क घेणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहं ओस पडतात. वर्षातला सायकलींसाठी सगळ्यात वाईट काळ हाच. मालक गावी फराळाला, पोर्चमध्ये ओळीनं सायकली, आणि त्या दोन-तीन आठवड्यांत त्यांना विचारणारं कुणी नाही. सुट्टीपुरती एक रिकामी खोली उघडून सायकली आत लावणं, दारावर यादी चिकटवणं आणि यादीत नावापुढं फ्रेम नंबर लिहिणं, एवढं काम वॉर्डनच्या एका दुपारचं आहे. सुट्टीनंतर ज्या सायकली न्यायला कुणीच येत नाही त्याही आपोआप कळतात. पास होऊन गेलेल्या मुलांनी टाकलेल्या अशा बेवारस सायकलींच्या गर्दीतच चोरीच्या सायकली बेमालूम मिसळतात. त्यांची रीतसर सूचना लावून, मुदत देऊन विल्हेवाट लावली की स्टँडवर उरतात त्या मालक असलेल्याच.

आणि गावाकडं याहून सोपी जागा तयार आहे. मानव विकासच्या अनुदानासाठी मुलीला सायकलच्या खरेदीची पावती शाळेत द्यावीच लागते. मुलीचं नाव, वर्ग, बँक खातं, सगळं त्या कागदांत असतं. फ्रेम नंबरचा रकाना तेवढा वाढवायचा. घनसावंगीतला दुकानदार सायकल जोडून देताना ती उलटी करतोच. तेव्हाच नंबर वाचून पावतीवर टाकला, की मुलगी पुढं जालन्याला जावो, संभाजीनगरला जावो की पुण्याला, पहिल्या दिवशी विद्यापीठाच्या वहीत लिहायला तिच्याकडे तो असेल.